स्टिअरिंग का थरथरते?

समजा तुम्ही रोह्याहून पेणला निघाला आहात. वाहन आहे चारही चाकांना ताकद पोचवणारी एक जीप. पावसाळा नुकताच संपला आहे. गाडी आदल्या दिवशी शेतावर भात आणायला गेली होती. तुम्ही चालकाशेजारी बसला आहात. रोह्यापासून कोलाडपर्यंत रस्ता वळणांचा आहे, वेग चाळीस-पन्नासच्या वर जात नाही, आणि गाडी अगदी शहाण्यासारखी चालते. कोलाडला मुंबई-गोवा महामार्ग लागतो. नागोठणे, वडखळ मागे टाकत पेणला नेणारा हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ होता, आता तो ६६ आहे. मोकळा रस्ता पाहून चालककाका वेग वाढवतात. काटा ८० वर येतो आणि स्टिअरिंग थरथरू लागते. ८८ ते ९० च्या आसपास ते इतके हलते की काकांचे कोपरापर्यंतचे हात डुलतात. १०० च्या पुढे थरथर कमी होते, आणि वेग ७० पर्यंत उतरवला की ती पार नाहीशी होते.

आता गाडीतला प्रत्येक जण वैद्य होतो. एक म्हणतो, ''रस्ताच खराब आहे.'' दुसरा म्हणतो, ''अलाइनमेंट गेली.'' तिसरा म्हणतो, ''जीपच ती, हलायचीच.'' चौथा सांगतो, ''स्टिअरिंगचा बॉक्स बदला.'' यांपैकी एकानेही काही मोजलेले नसते. चुकीचे निदान झाले तर पैसे तर जातातच. पण सैल झालेला चाकाचा नट किंवा आतून फाटत चाललेला टायर हीदेखील याच थरथरीची कारणे असू शकतात, आणि तेथे चूक झाली तर जीवही जाऊ शकतो. म्हणून हा प्रश्न गंमतीचा नाही. सुदैवाने तो सोडवायला नववी-दहावीचे पदार्थविज्ञान बरेचसे पुरते.

पहिले काम : मोजणे

थरथर म्हणजे कंपन. कंपनाची पहिली ओळख म्हणजे त्याची कंप्रता, म्हणजेच दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या. गाडीत अनेक वस्तू फिरत असतात आणि प्रत्येकीची फिरण्याची गती वेगळी असते. थरथरीची कंप्रता ज्या वस्तूच्या गतीशी जुळेल, तिच्यावर पहिला संशय घ्यायचा.

आधी चाकाचा हिशोब करू. टायरच्या बाजूवर '२३५/७० आर १६' असे काहीतरी छापलेले असते. याचा अर्थ असा : टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, त्याच्या बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, आणि आतल्या लोखंडी चाकाचा, म्हणजे रिमचा, व्यास १६ इंच. बाजूची उंची झाली सुमारे १६५ मिलिमीटर. ती वर आणि खाली अशी दोनदा येते. १६ इंच म्हणजे ४०६ मिलिमीटर. सगळी बेरीज सुमारे ७३५ मिलिमीटर होते. तिला 'पाय'ने गुणले की परीघ निघतो : सुमारे २.३ मीटर. म्हणजे चाक एकदा फिरले की गाडी २.३ मीटर पुढे जाते. (गाडीच्या भाराने टायर थोडा दबतो, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर किंचित कमी भरते, पण आपल्या कामाला हा आकडा चालेल.)

ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. २५ ला २.३ ने भागा. चाक सेकंदाला जवळजवळ ११ वेळा फिरते. याच रीतीने ताशी ४० ला ४.८, ६० ला ७.२, ८० ला ९.७, आणि १०० ला १२.१ फेरे येतात. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

थोडीशी माती, मोठे बल

चाकाचा भार अक्षाभोवती सगळीकडे सारखा वाटलेला असेल तर चाक गुळगुळीत फिरते. एका बाजूला थोडा जास्त भार असला, तर त्या जास्तीच्या भाराला वर्तुळात फिरवत ठेवण्यासाठी सतत आत ओढावे लागते. हे काम अक्ष करतो, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तो भारही अक्षाला तितक्याच बलाने बाहेर ओढतो. या बलाचे सूत्र तुम्हाला माहीत आहे : वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग.

समजा, रिमच्या एका बाजूला ५० ग्रॅम भार जास्त आहे आणि तो अक्षापासून २० सेंटिमीटरवर आहे. ताशी ९० किलोमीटरला कोनीय वेग सेकंदाला सुमारे ६८ रेडियन येतो. गुणाकार करा; बल सुमारे ४७ न्यूटन, म्हणजे जवळजवळ पावणेपाच किलो वजनाइतके! पाच-दहा रुपयांच्या काही नाण्यांएवढा तो भार, पण फिरताना तो पावणेपाच किलोचे धक्के देतो, आणि तेही सेकंदाला अकरा वेळा. वेग निम्मा, म्हणजे ताशी ४५ केला, तर सूत्रातल्या वर्गामुळे बल निम्मे न होता चौथाई होते : सुमारे १२ न्यूटन. रोहा ते कोलाड गाडी शहाणी का वाटली, याचे अर्धे उत्तर येथे आहे.

आता भाताच्या खाचरात गेलेल्या जीपचा विचार करा. तिथली चिकण माती रिमच्या आतल्या बाजूला, जिथे सहज नजर जात नाही, तिथे बसते. गाडी रात्रभर उभी राहिली की ओला गाळ घसरून खालच्या भागात जमतो आणि तिथेच वाळून घट्ट होतो. असा २०० ग्रॅमचा खपला चिकटला तर ताशी ९० ला बल सुमारे १९० न्यूटन होते, म्हणजे १९ किलो वजनाइतके. चारचाकी ताकदीच्या गाड्या चिखलात जाण्यासाठीच घेतल्या जातात. म्हणून हा आजार त्यांच्यात विशेष आढळतो.

हे बल फिरते असते. ते वर-खाली असताना चाकाला उडवते. पुढे-मागे असताना ते चाकाला त्याच्या वळण्याच्या खिळीभोवती, म्हणजे किंग पिनभोवती, कधी आत तर कधी बाहेर वळवू पाहते. पुढच्या चाकांचे हे वळणे टाय रॉडमधून स्टिअरिंगपर्यंत येते. मागची चाके स्टिअरिंगला जोडलेली नसतात. त्यांची थरथर बहुधा बैठकीत आणि तळात जाणवते. हात थरथरले तर पुढे पाहा, बैठक थरथरली तर मागे पाहा, असा हा साधा नियम आहे. नियम म्हणून तो चांगला आहे, पण पुरावा म्हणून तो पुरेसा नाही.

शाडूच्या मातीचा प्रयोग

पेण हे गणेशमूर्तींचे गाव. तेथे शाडूची माती मिळवणे अवघड नाही. इतरांनी कोणतीही चिकण माती घ्यावी. सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करा. पुढचे चाक हळूच फिरवून सोडा. ते आपोआप थांबताना बहुधा एकच बाजू पुन्हा पुन्हा खाली येईल. अनेकदा ती हवा भरण्याच्या व्हॉल्व्हची बाजू असते. तीच जड बाजू. आता तिच्या अगदी समोरच्या आरीवर, धावेजवळ, मातीची छोटी गोळी दाबून बसवा. गोळी कमी-जास्त करत राहा. चाक कोणत्याही स्थितीत थांबू लागले, की तुम्ही ते संतुलित केले! नंतर मुद्दाम एक मोठी गोळी लावा आणि मागचे चाक पेडलने हळूहळू वेगात आणा. सगळी सायकल कशी हलू लागते ते पाहा. बोटे आऱ्यांपासून दूर ठेवा, गोळी घट्ट बसवा आणि चाकाच्या समोर चेहरा नेऊ नका.

गॅरेजमध्ये व्हील बॅलन्सिंगचे यंत्र हेच काम करते, मात्र त्यात आणखी एक बारकावा आहे. मोटारीचे चाक रुंद असते. आतल्या कडेला वरच्या बाजूस थोडा भार आणि बाहेरच्या कडेला खालच्या बाजूस तितकाच भार असेल, तर चाक उभे टांगल्यावर संतुलितच दिसते. वेगाने फिरवले की मात्र ते डावी-उजवीकडे डुलते. पहिल्या प्रकाराला स्थिर असंतुलन आणि दुसऱ्याला गतिज असंतुलन म्हणतात. म्हणून यंत्र चाक फिरवून मोजते आणि रिमच्या आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही कडांना किती ग्रॅमची वजने कोठे लावायची ते दाखवते. मातीचा खपला न काढता बॅलन्सिंग केले, तर यंत्र त्या मातीलाच चाकाचा भाग समजते. पुढे माती गळून पडली की लावलेली वजनेच नवा आजार होऊन बसतात. तेव्हा आधी चाक धुवायचे आणि मग तोलायचे.

नव्वदच्या आसपासच का?

बल तर वेगाच्या वर्गाने वाढते. मग १०० च्या पुढे थरथर वाढायला हवी, ती कमी का होते? येथे अनुस्पंदनाची ओळख करून घ्यावी लागेल.

झोपाळ्याचे उदाहरण पाहा. झोपाळ्याला त्याच्याच तालात धक्के दिले तर लहान मूलही मोठ्या माणसाला उंच झोका देऊ शकते. ताल चुकला की जोर लावूनही झोका वाढत नाही. प्रत्येक वस्तूला असा स्वतःचा ताल असतो. मोटारीचे चाक हवेने भरलेल्या टायरवर उभे असते आणि टायर ही एक ताठ स्प्रिंगच आहे. चाक, ब्रेक आणि अ‍ॅक्सलचा वाटा मिळून ५० किलोग्रॅम वस्तुमान धरा. टायरचा ताठपणा मीटरला २,२०,००० न्यूटन धरा. दोन्ही आकडे नमुन्याचे आहेत, पण वास्तवाला धरून आहेत. दुसऱ्याला पहिल्याने भागले की ४,४०० येतात. वर्गमूळ सुमारे ६६. त्याला दोन 'पाय'ने भागले की उत्तर येते साडेदहा. म्हणजे चाकाचा स्वतःचा ताल सेकंदाला सुमारे साडेदहा उड्यांचा आहे.

आता आधीचे आकडे आठवा. चाक सेकंदाला साडेदहा फेरे कोणत्या वेगाला घेते? १०.५ गुणिले २.३, म्हणजे सेकंदाला सुमारे २४ मीटर; ताशी ८७ किलोमीटर! काकांचे हात नेमके तेथेच सर्वांत जास्त हलत होते. त्याच्या खाली बल कमी असते आणि तालही जुळत नाही. त्याच्या वर बल जास्त असते, पण ताल पुढे निघून गेलेला असतो. म्हणून थरथर एका पट्ट्यातच जाणवते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलेले असतील तर अनुस्पंदन आवरायला कोणी उरत नाही आणि तेच थोडेसे असंतुलन मोठा धिंगाणा घालते. दुसरी अशी, की 'शंभरच्या वर नेली की थरथर जाते' हा उपाय नव्हे. स्टिअरिंग शांत झाले तरी बेअरिंगवरचे बल वाढलेलेच असते. आपल्याला दिसेनासे झाले एवढेच.

कधीकधी थरथर दीड-दोन मिनिटांनी येते आणि जाते. त्याचेही कारण आहे. पुढची दोन्ही चाके असंतुलित असतील आणि त्यांच्या परिघांत अवघा २.३ मिलिमीटर, म्हणजे हजारात एक, एवढा फरक असेल, तर सेकंदाला ११ फेरे घेताना एक चाक दुसऱ्याच्या एक फेरा पुढे जायला सुमारे ९० सेकंद लागतात. दोघांचे धक्के कधी एकत्र येतात, तर कधी एकमेकांना मारतात. दोन स्वरकाटे एकदम वाजवल्यावर ऐकू येणारे विस्पंद तुम्ही प्रयोगशाळेत अनुभवले असतील. त्यांचाच हा थोरला भाऊ.

चारचाकी ताकदीच्या गाडीचे खास संशयित

साध्या मोटारीपेक्षा जीपमध्ये फिरणाऱ्या वस्तू जास्त असतात. दुसऱ्या महायुद्धात नावारूपाला आलेल्या विलीज जीपची जोडणी महिंद्र कंपनीने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत सुरू केली, आणि पुढे कोकणातल्या गावोगावच्या रस्त्यांवर ही गाडी ओळखीची झाली. तिच्यात गेअरबॉक्सनंतर आणखी एक पेटी असते. तीमधून एक लांब दांडा मागच्या अ‍ॅक्सलला आणि एक पुढच्या अ‍ॅक्सलला जातो. हे झाले प्रोपेलर शाफ्ट. चाकाच्या एका फेऱ्यात हा दांडा साधारण चार-पाच फेरे घेतो. चार धरले तर ताशी ८८ ला चाकाचे सेकंदाला १०.६ फेरे आणि दांड्याचे ४२ च्या वर.

सेकंदाला दहा-अकरा कंपने हातांना वेगवेगळी थरथर म्हणून कळतात. चाळीस-पन्नास कंपने कळतात ती तळातून येणाऱ्या घरघरीसारखी. स्टिअरिंग हलत नाही, पण पायाखाली घुमते, अशी तक्रार असेल तर दांड्याकडे पाहावे.

या दांड्याच्या टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात; आपले मिस्त्री त्यांच्यातल्या तुकड्याला 'क्रॉस' म्हणतात. सतराव्या शतकात रॉबर्ट हूक याने या जोडाचा अभ्यास केला, म्हणून त्याला हूकचा जोड असेही म्हणतात. त्याचा एक विचित्र गुण आहे. दोन दांडे एका रेषेत नसतील, तर पहिला एकसारखा फिरत असूनही दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेगात येतो आणि दोनदा रेंगाळतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक सुमारे दीड टक्का वर आणि दीड टक्का खाली इतका असतो. दांड्याच्या दोन्ही टोकांचे चिमटे एकाच पातळीत ठेवले आणि दोन्हीकडचे कोन सारखे ठेवले, की दुसरा जोड पहिल्याची चूक भरून काढतो. दुरुस्तीनंतर दांडा जोडताना हे चिमटे फिरले, तर चांगली गाडी थरथरू लागते. म्हणून हुशार मिस्त्री दांडा काढण्यापूर्वी दोन्ही भागांवर खडूने खूण करतो.

शिमी : वेगळा आणि धोक्याचा आजार

जुन्या जीपला पुढेही एकच अखंड अ‍ॅक्सल असतो आणि तो लोखंडी पाट्यांवर बसवलेला असतो. अशा गाडीत एक वेगळाच प्रकार घडू शकतो. एक चाक खड्ड्यात गेले की अखंड अ‍ॅक्सल कलतो. फिरते चाक कलले की ते भोवऱ्याप्रमाणे बाजूला वळू पाहते. वळले की परत येताना पुन्हा कलते. सांधे घट्ट असतील तर हा खेळ क्षणात विझतो. टाय रॉडचे टोक, किंग पिनचे बेअरिंग किंवा पाट्यांचे बुश झिजलेले असतील, तर तो विझण्याऐवजी वाढतो आणि स्टिअरिंग जोरजोराने डावी-उजवीकडे आपटू लागते. याला 'शिमी' म्हणतात. १९२० नंतर मोटारींना जाड, कमी दाबाचे 'बलून' टायर आले, तेव्हा ही अडचण इंजिनिअरांना फार छळू लागली होती. विमानाच्या पुढच्या चाकालाही ती होते.

ओळखायचे कसे? असंतुलनाची थरथर वेगाबरोबर हळूहळू येते आणि हळूहळू जाते. शिमी खड्ड्यानंतर एकदम येते आणि वेग बराच उतरेपर्यंत जात नाही. अशा वेळी चालकाने स्टिअरिंग दोन्ही हातांनी स्थिर धरावे, ब्रेक दाणकन न दाबता वेग हळूहळू उतरवावा आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. दुरुस्तीशिवाय ती गाडी पुन्हा महामार्गावर नेऊ नये.

चौकशीचा क्रम

आता चांगल्या वैद्यासारखे एकेक प्रश्न विचारत जाऊ.

पहिला प्रश्न : दोष रस्त्याचा आहे का? काँक्रीटच्या रस्त्याला साधारण साडेचार मीटरवर सांधे असतात. ताशी ९० ला त्यांचे सेकंदाला साडेपाच ठोके बसतात. चाकाच्या अकराशी ते जुळत नाहीत. शिवाय डांबरी तुकडा आला की ते थांबतात. थरथर दोन्हींवर सारखीच असेल तर रस्ता निर्दोष.

दुसरा प्रश्न : दोष इंजिनाचा आहे का? गाडी मोकळ्या जागी उभी करून, गेअर न टाकता, इंजिन महामार्गावर फिरते तितकेच फिरवा. मिनिटाला २,००० फेरे म्हणजे सेकंदाला ३३. थरथर आली नाही तर इंजिन सुटले. किंवा तोच वेग वेगळ्या गेअरमध्ये ठेवून पाहा. इंजिनाची गती बदलूनही थरथर तीच राहिली, तर ती चाकांच्या किंवा दांड्यांच्या बाजूची आहे.

तिसरा प्रश्न : फक्त ब्रेक लावताना हलते का? तसे असेल तर ब्रेकची तबकडी असमान झिजलेली असण्याचा संभव आहे.

चौथा प्रश्न : कंप्रता किती? येथे तुमचा मोबाईल फोन उपयोगी पडतो. फोनमध्ये त्वरण मोजणारा एक चिमुकला भाग असतो. जर्मनीतील आखेन विद्यापीठात तयार झालेले 'फायफॉक्स' हे मोफत अ‍ॅप त्याचे आकडे घेऊन कंपनांची कंप्रता आलेखावर दाखवते. फोन तळावर किंवा डॅशबोर्डवर घट्ट बसवा आणि वेग स्थिर असताना दहा सेकंद नोंद घ्या. दहा सेकंदांच्या नोंदीत कंप्रतेतला दशांशाचा फरक ओळखता येतो. हे काम शेजारी किंवा मागे बसलेल्याने करायचे. चालकाने फोनला हातही लावायचा नाही, आणि वेग फलकावरच्या मर्यादेतच ठेवायचा.

समजा, ताशी ८८ ला आलेखात १०.६ वर टोक आले. ते चाकाच्या फेऱ्याशी जुळते. २१ च्या जवळ टोक असेल तर एका फेऱ्यात दोन धक्के, म्हणजे टायर किंवा रिम लंबगोल झाली असण्याचा संशय. ४२ च्या जवळ असेल तर प्रोपेलर शाफ्ट.

आकडा सांगतो ते, आणि सांगत नाही ते

येथे नीट लक्ष द्या. १०.६ हा आकडा 'चाकाच्या दर फेऱ्याला एक धक्का बसतो' एवढेच सांगतो. तो धक्का वाळलेल्या मातीचा आहे, गळून पडलेल्या वजनाचा आहे, वाकलेल्या रिमचा आहे, टायरच्या आत सुटलेल्या थराचा आहे, की सैल नटांचा, हे आकड्यातून कळत नाही. मातीमुळे फार तर हात दुखतील. सुटलेल्या थराचा टायर फुटू शकतो आणि सैल नटांचे चाक निखळू शकते. म्हणून आकडा मिळाला की चौकशी संपत नाही. कोठे पाहायचे ते आता ठरते, आणि पाहावे तर लागतेच.

पाहण्याचा क्रम असा ठेवा. आधी चाकांचे नट पान्याने तपासा. मग प्रत्येक टायरवरून हात फिरवा. कोठे फुगवटा, चीर किंवा उंचवटा आढळला तर तो टायर लगेच बदलायचा. हवेचा दाब पाहा. रिमच्या आतल्या बाजूची माती पाण्याच्या जोराने काढा. नंतर चाके यंत्रावर तोलून घ्या. तरीही थरथर राहिली तर पुढचे एक चाक काढून त्या जागी त्याच मापाची चांगली स्टेपनी लावून पाहा. थरथर गेली तर दोषी चाक सापडले. न गेल्यास दुसऱ्या बाजूला तेच करा. शेवटी मिस्त्रीकडून गाडी उचलून चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून बेअरिंग व सांध्यांतला खेळ तपासून घ्या. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. हे काम पक्क्या आधारावरच व्हावे.

आणि अलाइनमेंट? ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर वेडेवाकडे झिजतात. ठरावीक वेगाला येणाऱ्या थरथरीचे ते नेहमीचे कारण नाही. तोलणे आणि सरळ करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे पुष्कळदा विसरले जाते.

आपल्या जीपचे काय झाले? तिचे नट घट्ट निघाले, टायर धड निघाले, आणि उजव्या पुढच्या रिमच्या आत हाताच्या पंजाएवढा मातीचा खपला सापडला, असे समजू. पाण्याचा फवारा आणि दोन वजने यांत काम झाले. स्टिअरिंग बॉक्स जागच्या जागी राहिला.

आता तुमच्यासाठी एक काम. जवळच्या एसटीच्या किंवा तुमच्या गावच्या एखाद्या उभ्या गाडीच्या टायरचा परीघ, चालकाची परवानगी घेऊन, दोऱ्याने मोजा. ती गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावताना तिचे चाक सेकंदाला किती वेळा फिरेल ते काढा. उत्तर मिळाले की आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा : मोठ्या चाकाची गाडी त्याच तालाला कमी वेगात पोचेल, की जास्त वेगात?